हसनाबादच्या विहिरीतलं लोखंड

१९८४ च्या एप्रिल महिन्यात भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादच्या शिवारात दगडूबा नावाचे शेतकरी स्वतःच्या विहिरीत पडून मरण पावले. त्यांना दोघा शेजाऱ्यांनी वर काढलं. त्या दोघांनी ऐकलेले त्यांचे शेवटचे शब्द होते, "कुत्रं सुटलं."

तेव्हा मी औरंगाबादच्या एका दैनिकात जिल्ह्यांचं पान लावत होतो. तालुक्याच्या वार्ताहराकडून आठ ओळींचा मजकूर आला. शेजारच्या शेतात मेंढरं बसवलेल्या मारोती नावाच्या धनगराचं कुत्रं सुटलं, अंगावर आलं, त्याला चुकवताना दगडूबा विहिरीत पडले आणि गावकऱ्यांनी नंतर ते कुत्रं ठार मारलं, असं त्यात होतं. पानात जागा नव्हती. मी दोन ओळी ठेवल्या, सहा कापल्या. छापून आलं ते असं: "कुत्रे सुटल्याने शेतकऱ्याचा मृत्यू. हसनाबाद येथील शेतकरी दगडूबा हे कुत्रे सुटल्याने विहिरीत पडून मरण पावले."

हसनाबादला मी गेलो नव्हतो. पुढे मी पुण्याला आलो.

१९९८ च्या अखेरीस औरंगाबादच्या कार्यालयातून माझ्याकडे एक पत्र वळतं झालं. ते जालन्याहून सुभाष नावाच्या कामगाराने आपल्या आईच्या वतीने लिहिलं होतं. आई म्हणजे मारोतीची बायको, गयाबाई. पत्रात एकच प्रश्न होता. आमचं कुत्रं त्या दिवशी बांधलेलं होतं की सुटं होतं, आणि ते तुम्हाला कोणी सांगितलं, हे कळवावे.

मला उत्तर माहीत नव्हतं. त्याच सुमारास जालन्यात जुन्या शेतीयंत्रांचे भाग जमवणाऱ्या एका गृहस्थांवर लेख हवा होता. ते काम मी मागून घेतलं आणि जानेवारीच्या अखेरीस निघालो.

जालना, पहिला दिवस

जालन्याची एमआयडीसी दुरून आधी आवाजाने कळते. लोखंडी सळया ओढणाऱ्या गिरण्या दिवसभर चालू असतात आणि त्यांचा खणखणाट रस्त्यावरच्या टेम्पोंच्या आवाजात मिसळत नाही. वेगळा ऐकू येतो. गिरण्यांच्या पलीकडे बियाण्यांचे कारखाने. त्यांच्या मागच्या बाजूला कामगारांची पत्र्याची घरं. सुभाष रात्रपाळी करून घरीच होता. गयाबाई एका बियाणे कारखान्यात सरकी निवडायला जात. त्या जेवणाच्या सुट्टीत आल्या. वय साठीच्या पुढे, तोंडाला बांधलेलं फडकं गळ्यात उतरवलेलं, भुवयांवर कापसाचे तंतू.

"तुम्हीच का ते पेपरवाले?"

"हो."

"मंग सांगा. आमचं कुत्रं सुटलं म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी वार्ताहराचं सांगितलं. तो आता हयात नाही, हेही सांगितलं.

"म्हंजी तुम्ही आलेच न्हाईत हसनाबादला?"

"नाही."

त्या मुलाकडे वळल्या. "आन् लोकं म्हणायचे, पेपरवाल्यानं जाऊन पाह्यलं म्हणून छापलं. कागद दाखवायचे तुह्या बापाला. वाच म्हणायचे. त्याला कुठं वाचता येत व्हतं."

उन्हाळ्यात रिकाम्या शेतात मेंढरं बसवायची, रात्रभराच्या लेंड्यांचं खत शेताला मिळायचं आणि त्याबदल्यात धनगराला ज्वारी मिळायची, ही रीत आमच्या सांगलीकडेही आहे. आमच्याकडे कळपाला आवतन एक वर्ष आधी जातं. हसनाबादेत ते पाडव्याला द्यायचे, असं गयाबाईंनी सांगितलं. १९८५ च्या पाडव्याला मारोतीला कोणीच आवतन दिलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. मेंढरं विकली. दोघं जालन्याला आली. मारोती एका गिरणीत भंगार उतरवण्याच्या कामाला लागला आणि दोन वर्षांपूर्वी छातीच्या आजाराने गेला.

"त्यो पहिल्या दिवसापासून म्हणत व्हता, म्या सकाळीच बांधलं व्हतं, लिंबाला, ह्या हातानं. कोणी ऐकलं न्हाई. म्या बी न्हाई."

"तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"दळण घेऊन गावात गेल्ते. वापस आले तव्हा सगळं झाल्तं."

"मग खोटं का वाटलं?"

"पेपरात आल्तं ना." मग भुवयांवरचा कापूस पुसत म्हणाल्या, "भांडण झालं की म्या तेच काढायची. तुह्या कुत्र्यानं देशोधडीला लावलं म्हणायची. जायच्या आदल्या दिवशी म्हणला, गया, आता तरी म्हण, बांधलेलं व्हतं म्हणून. म्या काही बोलले न्हाई. पाणी पाजलं फकस्त."

भोंगा झाला. त्यांनी फडकं पुन्हा तोंडाला बांधलं.

"मला बाकी काही नको, दादा. त्यो खरं बोलत व्हता का खोटं, एवढंच कळू द्या."

दुपारी मी ज्यांच्यावर लेख लिहायचा होता त्या विठ्ठलरावांकडे गेलो. ते शेती खात्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. घरामागच्या दोन खोल्या लोखंडाने भरलेल्या: चरकाचे दाते, पेरणीयंत्राच्या चकत्या, रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांची झाकणं, उसाच्या रसाने काळे पडलेले रूळ. प्रत्येक वस्तूला पुठ्ठ्याची चिठ्ठी. तिच्यावर गाव, कुठे सापडली आणि काय आहे. बऱ्याच चिठ्ठ्यांवर शेवटची जागा कोरी होती.

"माणसं रिटायर झाली की देवाला जातात," चहा ठेवताना त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "आमचे हे भंगारवाल्याकडं जातात. तो बी आता यांना काका म्हणतो."

"म्हणू दे. ती बी नातीच हायत," विठ्ठलराव म्हणाले.

त्यांची रीत साधी आहे. वस्तू हातात घ्यायची आणि झीज बघायची. जी बाजू झिजली ती काम करत होती. जी झिजली नाही ती नुसती धरून होती. भोक गोल राहिलं असेल तर त्यातली खीळ फिरत नव्हती. लांबट झालं असेल तर वस्तू त्या खिळीवर हलत होती. एवढ्यावर निम्म्या वस्तू ओळखता येतात. उरलेल्यांसाठी त्या यंत्रावर काम केलेला माणूस गाठावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा मेलेला असतो.

मी हसनाबादला जाणार म्हटल्यावर त्यांनी एक तुकडा काढून दिला. वीतभर लांबीचा, जरा वाकलेला, वजनाला शेरभर. एका टोकाला भोक, लांबट झालेलं. दुसरं टोक चोचीसारखं निमुळतं, पण चोच तुटलेली. भोकाजवळ छिन्नीने मारलेली दोन टिंबं.

"मागच्या उन्हाळ्यात एका विहिरीचा गाळ काढला, त्यात निघालं. साहेबराव मास्तरांनी पाठवलं. सहा महिने झाले, पत्ता लागत नाही. चरकाचं न्हाई, पेरणीचं न्हाई. तुम्ही तिकडं चाललात तर घेऊन जा, म्हाताऱ्यांना दाखवा."

साहेबराव म्हणजे दगडूबांचे धाकटे भाऊ. विहीर तीच होती.

हसनाबाद, दुसरा दिवस

सकाळची एसटी भरून आली आणि न थांबता गेली. शेअर जीपमध्ये मागच्या फळीवर जागा मिळाली. राजूरच्या पुढे एका खड्ड्यात माझ्या कापडी पिशवीचं बूड फाटलं आणि लोखंड समोरच्या गृहस्थांच्या पायावर पडलं. चप्पल जाड होती म्हणून अंगठा वाचला.

"काय हो, बॉम्ब हाय का काय?"

"यंत्राचा भाग आहे. कशाचा ते विचारायला चाललोय."

"म्हंजी काय हाय ते माहीत न्हाई, आन् घेऊन फिरून राह्यले?" त्यांनी तुकडा उलटसुलट केला आणि शेजाऱ्याकडे दिला. जीपभर तो फिरला. विळ्याची मूठ, वखराची पास, दाराचा अडसर, अशी तीन उत्तरं आली. चौथ्याने, हे जावयाला मारायला बरं हाय, असं सांगितलं. ड्रायव्हरने जीप हळू करून तोही पाहून घेतला.

साहेबराव निवृत्त शिक्षक. त्यांनी मला थेट शेतात नेलं. ज्वारी हुरड्यात आली होती. आमच्याकडे हुरडा घरी, चुलीच्या निखाऱ्यावर भाजतात आणि सुपात घालून पाहुण्यापुढे ठेवतात. इथे शेतातच खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी करतात, कणसं तिच्यात खुपसतात, आणि गरम दाणे ज्याने त्याने तळहातावर चोळून घ्यायचे. बरोबर लसणाची चटणी आणि गूळ. पाहुण्याचे दाणे यजमान चोळतो. साहेबरावांनी माझे चोळले. त्यांच्या हाताला ते भाजत होतं, हे दिसत होतं.

विहीर दगडी, बांधीव, आता वर मोटरीची वायर. काठावर एक गोल चौथरा, त्याच्या मध्यभागी चार भोकं.

"इथं रहाट होता. लोखंडी. एका बैलावर चालायचा. बैल ह्या गोलात फिरायचा, लांब लाकूड ओढायचा. मधली चाकं फिरायची आणि विहिरीतून डब्यांची माळ वर यायची. गावात हा एकच. बाकी सगळ्यांच्या मोटा, मंग इंजिनं आली. आमच्या वडलांनी हौसेनं बसवलेला. गावात त्याला टकटक्या म्हणत. फिरताना टक टक आवाज यायचा."

मी तुकडा दाखवला. तो रहाटाचा असू शकेल का?

"सांगता येत न्हाई. मी लहानपणापासून बोर्डिंगात, मंग नोकरीला. त्यातलं वडलांना अन् दादाला कळायचं. दादा गेल्यावर कोणी चालवला न्हाई. दुसऱ्या वर्षी भंगारात दिला, जालन्याला."

त्या दिवसाबद्दल त्यांनी सांगितलं ते असं. ते भोकरदनला शाळेत होते. निरोप आला, दोनच्या सुमारास घरी पोचले. दगडूबा ओसरीवर ठेवलेले. छातीला मोठा मार, विहिरीच्या कडेचा, असं सगळे म्हणत होते. बैल दावं तुटून शेजारच्या मोसंबीत गेला होता. तोही कुत्र्याला भिऊन पळाला, असं ठरलं. रहाटाकडे कोणी पाहिलं नाही.

"माणसं म्हणाली, शेवटचा शब्द कुत्र्याचा होता. धनगराचं कुत्रं शेजारीच. आम्ही गेलो."

"कोण कोण?"

"वीसेक असतील. पहिला दगड मी घातला." त्यांनी कणीस आगटीतून काढलं, पाहिलं, परत ठेवलं. "मास्तर माणूस मी. पोरांना भूतदया शिकवायचो."

"तुम्ही पोचलात तेव्हा कुत्रं सुटं होतं?"

"बांधलेलं होतं. लिंबाला. म्हणून तर मारता आलं."

मी हे वाक्य त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी तसंच पुन्हा सांगितलं. मारोतीने ते नंतर आणून बांधलं असणार, असं तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं. मारोती मध्ये पडला, त्यालाही लागलं.

"तुम्ही कशाला विचारून राह्यले हे आता?"

मी गयाबाईंच्या पत्राचं सांगितलं. साहेबरावांनी आगटीत दोन गोवऱ्या सरकवल्या. मग म्हणाले, रहाट बसवणारा मिस्त्री जाफराबादचा, इब्राहिम नावाचा. वडलांच्या वेळेपासून तोच दुरुस्तीला यायचा, यायचा तेव्हा चार दिवस घरच्यासारखा राहायचा. "दादा गेला तसं त्याने आमच्या गावाला येणं सोडलं. दहाव्यालासुद्धा आला न्हाई. आम्हाला राग आला होता. असला जिवंत, तर ह्या तुकड्याचं तोच सांगू शकेल."

जाफराबाद, तिसरा दिवस

भोकरदनहून जाफराबादचा रस्ता कापसाच्या शेतांतून जातो. वेचणी संपत आली होती. पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या होत्या. आमच्या भागात या दिवसांत ऊस तोडत असतात, शेत हिरवं असतानाच रिकामं होतं. इथे ते आधी तपकिरी होतं, मग रिकामं.

इब्राहिम मिस्त्री बाजारातल्या एका सायकलच्या दुकानात सापडले. दुकान पुतण्याचं. ते दारातल्या बाजेवर बसलेले, वय ऐंशीच्या आसपास, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ईद होऊन चारच दिवस झाले होते. पाहुणा आला म्हटल्यावर घरातून शिरखुर्म्याची वाटी आली. ती संपेपर्यंत त्यांनी मला कामाचं काही विचारलं नाही.

मी तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी भोकात बोट घातलं, मग तुटलेल्या टोकावरून अंगठा फिरवला, मग भोकाजवळ आले. टिंबांवर अंगठा थांबला.

"कुठं मिळालं?"

"हसनाबादला. विहिरीत."

"हे कुत्रं हाय," ते म्हणाले.

मी ऐकण्यात चूक झाली का ते विचारलं.

"कुत्रं. रहाटाचं कुत्रं. रहाट उत्तरेकडनं आला ना, तिकडचे फिटर कुत्ता म्हणायचे. आम्ही कुत्रं केलं. तुम्ही काय म्हणता?"

मला त्याला शब्द माहीत नव्हता. त्यांनी पुतण्याला हाक मारून एक सायकल उलटी करायला लावली आणि मागचं चाक फिरवून सोडलं. टिक टिक टिक.

"ऐका. हिच्या फिरकीत दोन हायत, बारकी. मागं फिरू देत न्हाईत. कोणत्या बी सायकलवाल्याला इचारा, कुत्रे खराब झाले म्हणतो का न्हाई. रहाटाचं हे मोठं. दात्याच्या चाकावर पडून राहतं. बैल थांबला, दावं तुटलं, तरी भरलेल्या डब्यांच्या वजनानं चाक उलटं फिरू नाही, म्हणून हे. कुत्रं सुटलं का मंग खेळ खतम. सगळी माळ खाली जाती, चाक उलटं, आणि बैलाचं ते लांब लाकूड गरकन् मागं येतं. बैलामागं जो माणूस चालत असंल, त्याच्या छातीवर बसतं, आणि माणूस सरळ विहिरीत."

त्यांनी चाक हाताने थांबवलं.

"बसवायच्या दिवशीच म्या दगडूबाला शिकवल्तं. दावं तुटलं तर पळू नको, कुत्रं हाय. पर कुत्रं सुटलं तर जल्दी खाली बस. खालीच बस."

तुकडा त्यांचाच होता. मूळचं ओतीव कुत्रं झिजलं, तेव्हा त्यांनी ट्रकच्या कमानीच्या पट्ट्याचं नवीन घडवून बसवलं. दोन टिंबं ही त्यांची खूण. "पाणी जास्त दिलं गेलं लोखंडाला, तापवून बुडवलं तव्हा. कडक झालं, ठिसूळ झालं. बोटाला लागून राह्यलं बघा, कसं काचावानी तुटलंय. दोन महिने चाललं फकस्त."

"दगडूबा गेल्याचं तुम्हाला कधी कळलं?"

"पेपरात. ह्याच्या बापानं वाचून दाखवलं," पुतण्याकडे हात करून ते म्हणाले. "कुत्रं सुटल्यानं शेतकऱ्याचा मृत्यू. म्या म्हणलं, बराबर छापलं. बिलकुल बराबर. आता साऱ्या जिल्ह्याला कळलं, इब्राहिमचं कुत्रं तुटलं आणि माणूस गेला. मंग कोणत्या तोंडानं जायचं हसनाबादला? दगडूबाच्या मायच्या हातच्या भाकरी खाल्ल्या व्हत्या म्या. गेलो न्हाई. पुन्यांदा लोखंडाला पाणी बी दिलं न्हाई. सायकली केल्या."

ती बातमी मी लावली होती, हे मी त्यांना सांगितलं. मग गावाने तिचा काय अर्थ घेतला तेही सांगितलं. मारोती, भुऱ्या नावाचं त्याचं कुत्रं, लिंबाचं झाड, पाडव्याची आवतनं, गिरणी, गयाबाई. यातलं त्यांना काही माहीत नव्हतं. मी संपवल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"त्या धनगराला मारलं का लोकांनी?"

"थोडं लागलं. कुत्र्याला मारलं."

दुकानात एक गिऱ्हाईक पंक्चर काढायला आलं होतं. पुतण्या त्याच्याशी बोलत होता. मिस्त्रींनी चाचपून बाजेखालची चप्पल पायात घातली.

"उद्याची जालन्याची पहिली गाडी सातला हाय. म्या येतो तुमच्यासंगं."

"चाचा, तुम्हाला दिसत न्हाई अन् कुठं चालले?" पुतण्या म्हणाला.

"पाहायला न्हाई चाललो. सांगायला चाललो."

पुन्हा जालना, चौथा दिवस

मिस्त्रींनी रस्ताभर तुकडा मांडीवर धरला होता. पिशवीत ठेवा म्हटलं तर नको म्हणाले. जालना स्टँडवर उतरल्यावर मी रिक्षा केली. गयाबाईंची त्या दिवशी दुपारची पाळी होती; त्या घरीच होत्या. सुभाषची सायकल दाराला टेकवलेली.

मी कोण आलं आहे ते सांगण्याआधीच मिस्त्री बोलले.

"बाई, ते कुत्रं माझं व्हतं."

गयाबाईंनी त्यांच्या दाढीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमचं? तुमच्यात बी कुत्रं पाळतेत का, चाचा?"

"लोखंडाचं, बाई. लोखंडाचं."

त्यांनी तुकडा पुढे केला. गयाबाईंनी तो घेतला नाही. मग मिस्त्रींनी सुभाषला सायकल उलटी करायला सांगितली, चाक फिरवलं, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. रहाट, कुत्ता हा शब्द, कमानीचा पट्टा, जास्त झालेलं पाणी, लाकडाचा फटका. चाक थांबलं की ते पुन्हा फिरवत.

गयाबाईंनी सगळं ऐकलं.

"मंग दगडूबा ह्याच्याबद्दल बोलला?"

"हां."

"आमच्या भुऱ्याबद्दल न्हाई?"

"न्हाई, बाई. माझ्याबद्दल."

त्या माझ्याकडे वळल्या. "आन् बांधलेलं व्हतं का?"

मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. गावकरी पोचले तेव्हा कुत्रं लिंबाला बांधलेलं होतं, असं साहेबरावांनी दोनदा सांगितलं. ते सकाळपासून बांधलेलं होतं की नंतर बांधलं, हे पाहणारं कोणी आता नाही. दगडूबांचे शब्द त्या कुत्र्याबद्दल नव्हते, हे मात्र आता नक्की आहे.

"रिंगण व्हतं," गयाबाई म्हणाल्या.

"कसलं?"

"लिंबाखाली. दळण घेऊन वापस आले, तव्हा भुऱ्या तिथं पडल्ता. त्याला उचलला तर खाली धुळीत रिंगण व्हतं. जनावर सकाळधरनं दाव्याला फिरलं का पडतं तसं. गोल. दावं पोचंल तिथवर." त्यांनी जमिनीवर बोट फिरवलं. "म्या पाह्यलं व्हतं ते. ह्या डोळ्यानं. मंग चार दिवसांनी पेपर आला."

सुभाषने सायकल सरळ केली.

"एक शब्द म्हणायला काय जात व्हतं मला," त्या म्हणाल्या. हे त्या कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

मिस्त्री माफी मागायला लागले. गयाबाईंनी त्यांना बसायला सांगितलं आणि चहा ठेवला. चहा होईपर्यंत त्या चुलीकडे तोंड करून होत्या. मिस्त्रींचा कप त्यांनी त्यांच्या हातात देऊन बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसवली, कारण त्यांना दिसत नव्हतं. दीडच्या भोंग्याला त्या कामावर गेल्या.

तुकडा मी विठ्ठलरावांकडे परत दिला. संध्याकाळी एसटीडी बूथवरून साहेबरावांना फोन केला आणि मिस्त्रींनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं.

"इब्राहिम स्वतः म्हणाला?"

"हो."

"हात लावून ओळखलं?"

"त्यांची खूण आहे त्यावर."

मग साहेबरावांनी गयाबाई कुठे राहतात ते विचारलं. मी पत्ता सांगितला. तो त्यांनी मला परत वाचून दाखवला.

पुण्याला आल्यावर मी औरंगाबादच्या दैनिकाला खुलासा लिहून पाठवला. आठवड्याने तिथल्या उपसंपादकाचा फोन आला. त्याने मूळ अंक काढून बातमी वाचली होती. बातमीत कोणाचं नाव घेऊन आरोप केलेला नाही. कुत्रं सुटल्याने मृत्यू झाला असं म्हटलं आहे आणि तुमच्याच खुलाशाप्रमाणे ते खरं आहे. मग दुरुस्त काय करायचं, असं त्याने विचारलं. कापलेल्या सहा ओळी छापल्याच नव्हत्या, म्हणून त्या मागे घेता येत नव्हत्या. खुलासा छापला गेला नाही.

मार्चमध्ये सुभाषचा फोन आला. पाडव्याच्या आदल्या दिवशी साहेबराव जालन्याला आले होते, एकटेच. गयाबाई कामावर होत्या, सुभाष गिरणीत. घराला कुलूप होतं. साहेबराव दारासमोरच्या विटांच्या ढिगावर पाळी सुटेपर्यंत बसून राहिले. गयाबाई आल्या, त्यांनी कुलूप काढलं. दोघांमध्ये काय बोलणं झालं ते गयाबाईंनी मुलाला सांगितलेलं नाही आणि शेजारणीला ते ऐकू आलं नाही. दोघांनी दारात बसून चहा घेतला, एवढं तिने पाहिलं.